सोप्या मराठीतलं पत्र

लोकांना कळेल अशी पत्रं लिहा, असा हुकूम घरकुल कार्यालयात आला. वैजयंतीनं "प्रकरण निरस्त करण्यात येत आहे" हे वाक्य खोडून लिहिलं, "तुम्हाला घर मिळणार नाही." जुन्या अर्जदारांना नव्यानं पत्रं गेली. नोकरीत पहिल्यांदाच तिला काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

आठवड्यानं गेनबा ढोबळे ते पत्र घेऊन आले. वस्ती पाडल्यापासून ते नवरा-बायको पत्र्याच्या शेडमध्ये घराची वाट बघत होते.

"बाई, चार वर्षांपूर्वीच्या पत्रातही हेच होतं?"

"हो, काका."

"आम्हाला वाटलं, काम चालू आहे. आता अपील केलं तर?"

"ते तीस दिवसांत करायचं होतं."

त्यांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं.

"बायको अंथरुणाला खिळलीय. नव्या घरात शिलाई मशीन खिडकीपाशी ठेवायचं म्हणते. हे पत्र तिला दाखवलं नाही मी. तिच्यापुरतं तेवढं जुन्या भाषेत लिहून द्याल?"

वैजयंतीनं मान खाली घातली आणि जुना नमुना शोधायला घेतला.