सुवासी, ऐक गं

"आणखी एक खोका?" ऋतुजानं दारातच विचारलं.

"मीच मागवला," सासू कस्तुराबाई म्हणाल्या. "ती पोरगी म्हणली, नवा वास आलाय. लई चांगला हाय म्हणे."

ती पोरगी म्हणजे टीव्हीशेजारचा बोलका डबा. सुवासी साबणाच्या कंपनीनं लातुरात घरोघरी फुकट वाटलेला. 'सुवासी, ऐक गं' म्हटलं की बाईच्या आवाजात बोलायचा, भजन लावायचा, ऑर्डर घ्यायचा. आधी कस्तुराबाई त्याला भ्यायच्या. आता मुलगा भागवत नांदेडहून सुट्टीला आला, तरी त्याच्यापेक्षा डब्याशीच जास्त बोलत.

मोरीत साबण, पावडर, फिनेल ठेवायला जागा उरली नव्हती.

"आई, कोपऱ्यावरच्या दुकानातला आपला साबण काय वाईट होता?"

"दुकानदार इचारतो का, गुडघा कसा हाय म्हणून? ही इचारती."

"मशीन आहे ती. सगळ्यांनाच विचारती."

"हाव, असंल. पण इचारती तर."

ऋतुजाला पुढं बोलायचं त्राण नव्हतं. नोकरीवरून ती पिळून काढल्यासारखी होऊन यायची. दोन घास खाल्ले, भांडी घासली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. कस्तुराबाई बराच वेळ तिच्या पाठीकडं बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी हाक मारली, "सुवासी, ऐक गं. फिनेल पाठव."

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडदे ओढलेल्या एका खोलीत, ऋतुजाच्या समोरच्या स्क्रीनवर नाव उमटलं: कस्तुराबाई.

मशीनला इकडची बोली समजत नव्हती, म्हणून कंपनीनं गुपचूप बायका बसवल्या होत्या. त्या कानाला हेडफोन लावून बोलत आणि त्यांचा आवाज घराघरांत गोड, परका होऊन पोचे; बोलायची ढब तेवढी जिची तिचीच राही. घरी कळलं तर नोकरी गेली, अशी ताकीद होती. मागचा महिनाभर ऋतुजा स्वतःच्याच सासूला साबण विकत होती.

आज तिला ते झेपेना. पाठीमागं साहेब फिरत होते. तिनं मान खाली घातली.

"फिनेल घरात भरपूर आहे ना, आजी? आज राहू द्या. उगाच कशाला मागवता?"

डबा असं कधी बोलला नव्हता. साहेबांची पावलं जवळ आली.

"न्हाई, पाठव," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "तुझ्या नोकरीला धक्का नको लागाय. अन् घरी आल्यावर तुझ्यात बोलायचं बळ उरत न्हाई गं ऋतुजा, म्हणून मी हितंच बोलून घेते."