सरावाचे आजोबा

"आई गं!" आजोबा कळवळले.

"नापास," बाई म्हणाल्या. "पुढची कोण?"

नर्सिंगच्या मुली ज्यांच्यावर सुई टोचायला शिकायच्या, ते आजोबा म्हणजे एक यंत्र होतं. वर रबराची कातडी, खाली नसांचं जाळं आणि त्या नसांना खरंखुरं दुखणं. सुई चुकली की ते ओरडायचं, बरोबर बसली की गप्प राहायचं. आजोबा हे नाव मुलींनी ठेवलेलं. बाई त्याला यंत्रच म्हणायच्या, पण परीक्षा त्याच्याच भरवशावर घ्यायच्या. सुईकडे त्या बघायच्याही नाहीत, त्याच्या तोंडाकडे बघायच्या.

"माणूस भिडेखातर गप्प बसतो," त्या मुलींना सांगायच्या. "हे कुणाची भीड ठेवत नाही."

ते बनवणारा इंजिनियर अधूनमधून तपासणीला यायचा. तो म्हणायचा, "बाई, नुसतं ओरडायला नाही दिलेलं त्याला दुखणं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दुखत राहिलं तर एक दिवस त्याला दुसऱ्याचंही कळेल."

"कळो बापडं. वेळेवर ओरडलं म्हणजे मला पुरे."

वर्गात एक मुलगी होती. सगळ्या तिला थरथरी म्हणायच्या. पुस्तकात हुशार, पण सुई हातात आली की बोटं पानासारखी हलायची. कमरेतलं इंजेक्शन तिला काही केल्या जमेना. सुई जरा खाली गेली की पायाची मोठी नस सापडते. ती दर खेपेला तिथंच जायची, आणि आजोबांची किंकाळी थेट जिन्यापर्यंत ऐकू यायची. मग तीच त्यांच्यापेक्षा जास्त रडायची.

"उद्या शेवटची संधी," बाईंनी तिला आजोबांच्या उशाशीच बजावलं. "नाही जमलं तर सामान बांध. तुझी दया येते गं, पण पुढं खरा माणूस असेल सुईखाली."

मुलगी मान खाली घालून निघून गेली. बाई दिवे घालवायला वळल्या तेव्हा आजोबा म्हणाले, "ती जेवत नाहीये, बाई."

"तुला रे कशाला चौकशा?" बाईंना हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी थरथरीनं डोळे मिटून घेतले, उघडले आणि सुई टोचली. बाई आजोबांच्या तोंडाकडे बघत होत्या. आजोबा छताकडे बघत होते. त्यांनी चादर मुठीत धरली होती, एवढंच. ओठ हलला नाही.

"पास!" बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. मुलींनी टाळ्या पिटल्या. थरथरी आजोबांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

पुढच्याच महिन्यात बाईंच्या धाकट्या लेकीला ताप भरला. वॉर्डात घेतलं तेव्हा नेमकी थरथरीच कामावर होती. बाईंना बघून ती बिचकली. "मी नको बाई, दुसऱ्या कुणाला तरी..."

"तूच दे," बाई म्हणाल्या. "मी शिकवलंय तुला." त्यांनी लेकीचं तोंड पोटाशी धरलं, तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "झालं हं, आता मुंगी चावणार..."

लेक अशी काही ओरडली, की अख्खा वॉर्ड उठून बसला.

ताप दोन दिवसांत उतरला, पण पाय परत आला नाही. चालताना पाऊल लोंबायचं. चप्पल गळून मागं राहायची आणि पोरीला पत्ताच नसायचा. "नस कायमची दुखावलीय," डॉक्टर म्हणाले. "जागा चुकली."

थरथरी बाईंच्या पायाशी बसली. "बाई, आईशपथ, आजोबांना जिथं दिलं होतं ना, तिथंच दिलं. अगदी तिथंच."

बाईंनी तडक इंजिनियरला बोलावून घेतलं.

"तुमचं यंत्र बिघडलंय. त्याला दुखत नाही. त्याच्या भरवशावर मी माझी पोर..."

इंजिनियरनं आजोबांना कुशीवर वळवलं. तीच जागा शोधून सुई टोचली.

"आई गं!" आजोबा कळवळले.

"काही बिघडलेलं नाही, बाई," इंजिनियर हळूच म्हणाला.

बाई वाकल्या. दोन्ही हातांनी त्यांनी आजोबांचं तोंड आपल्याकडे वळवलं. "मग त्या दिवशी? त्या दिवशी नव्हतं दुखलं तुला?"

"फार दुखलं होतं, बाई," आजोबा म्हणाले. "पण मी ओरडलो असतो, तर त्या पोरीला किती लागलं असतं."