खंडेनवमीचे हातमोजे

दर्शना सून होऊन आली, त्याच वर्षी सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, गॅरेजात डॉक्टरीणबाईंची इलेक्ट्रिक गाडी टेम्पोवर चढवून आणली. ती चार्जच होईना.

“सगळं चिपळूण पालथं घातलं, तात्या,” बाई म्हणाल्या. “कुणी हात लावेना.”

“मीही नाही लावणार. हयात डिझेलमध्ये गेली. शॉक बसला तर फोटोला हार घालाल!”

“तात्या, हेच शिकून आलेय मी,” दर्शना म्हणाली.

“बघ. पण बिघडवलीस, तर पुन्हा गॅरेजात पाऊल नाही.”

रबरी हातमोजे चढवून तिने चार्जिंगचा गंजलेला जोड बदलला. संध्याकाळी डॉक्टरीणबाई हॉर्न वाजवतच घरी गेल्या.

खंडेनवमीला तात्यांनी पाने-पक्कड पूजेला मांडली, सगळ्यांपुढे सुनेचे हातमोजे ठेवले आणि पहिलं कुंकू त्यांना लावलं. “आता चिपळूण पालथं घालायला नको,” ते म्हणाले.

त्याच वर्षी मार्गशीर्षात तात्या झोपेतच गेले. पुढच्या खंडेनवमीला दर्शनाने त्यांच्या फोटोला हार घातला आणि हातमोज्यांच्याही पुढे त्यांचा पाना मांडला.