दुसऱ्या हाताचा एक्स-रे

सरावात चेंडू अडवताना मधलं बोट दुखावलं, तेव्हा सोळा वर्षांच्या गोलकीपरला नाइलाजाने वडिलांच्याच दवाखान्यात यावं लागलं. हाडांचे डॉक्टर असलेल्या वडिलांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि बोटाच्या मुळाशी दिसणाऱ्या काळ्या रेघेवर पेन टेकवलं. “फ्रॅक्चर. महिनाभर प्लास्टर. उद्याची फायनल विसर आणि गुपचूप मेडिकलच्या अभ्यासाला बस.” त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. कंपाउंडर प्लास्टरची पट्टी भिजवू लागला. मुलाने हात मागे घेतला. “बाबा, आधी दुसऱ्या हाताचा एक्स-रे काढा.” “तो हात धडधाकट आहे. डोकं फिरलंय का तुझं?” “काढा, नाहीतर मी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.” शेवटी वडिलांनी दातओठ खात दुसरा एक्स-रे काढला. त्याही बोटात, त्याच जागी, तशीच रेघ होती. “वाढत्या वयात हाडात ही रेघ असतेच,” मुलगा म्हणाला. “तुम्हीच माझ्यापुढे आणून आदळलेल्या पुस्तकात आहे. बोट नुसतं मुरगळलंय, आणि हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.” वडील जराही वरमले नाहीत. “बघ, एका नजरेत ओळखलंस! म्हणूनच सांगतो, त्या जाळीपुढे लोळून आयुष्य मातीत घालू नकोस. डॉक्टर हो.” “होईन की,” दुखरं बोट चिकटपट्टीने शेजारच्या बोटाला बांधत मुलगा म्हणाला. “पण माझ्या मुलांना तपासायला मी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवीन.”