आमच्या आईंचे बोंबील

सामानात सुके बोंबील दिसताच सुनेने कपाळाला हात लावला होता. "आई, बॅगभर वास सुटेल हो!" तरीही हिराकाकींनी एक पुडी लुगड्याच्या घडीत दडवून मालवणहून वेल्सला आणलीच.

धक्क्यावर सगळा गाव दोरी सोडून खेकडे धरत होता. मुक्कामाच्या घरची मालकीण सल्ले देत होती आणि सून ते मराठीतून सांगत होती. रेनकोट विसरू नका, खाताना सीगलपासून जपा, खेकड्यांसाठी दोरीला डुकराच्या मांसाचा तुकडा बांधा.

"कुर्ल्यांक डुकर?" काकींनी नाक मुरडलं आणि पुडी सोडून दोरीला बोंबील बांधला. सुनेने लाजून तोंड फिरवलं.

घटकाभरात काकींची बादली काठोकाठ भरली. आजूबाजूचे आपल्या दोऱ्या सोडून बघायला आले. काकींच्या डोक्यात खोबऱ्याचं वाटण शिजू लागलं, तेवढ्यात मालकिणीने आपले खेकडे परत समुद्रात सोडले. इथली रीतच तशी.

"मगे धरतत कित्याक?" काकी थक्क झाल्या. पण ज्या गावात जावं, तिथली रीत पाळावी. त्यांनी जड हाताने बादली उलटी केली, तसा अख्ख्या धक्क्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

निघायच्या दिवशी दारात नवे पाहुणे उतरले. मालकीण त्यांना सांगू लागली, रेनकोट, सीगल आणि खेकड्यांसाठी... तिने काकींनी दिलेली पुडी उंच धरली. "बॉम्बिल!"

"बोंबील," सून ताठ मानेने म्हणाली. "आमच्या आईंचे."