दहापैकी किती

जेवणं झाल्यावर नुरबेर्दीने चहा न ओतताच किटली बाजूला सारली, जमिनीवरच्या लोकरीच्या नमद्यावर आडवा झाला आणि तळहात छातीवर ठेवला.

आदल्या दिवशी गोरगान शहरातल्या हॉस्पिटलात तोंडातून नळी घालून डॉक्टरांनी त्याच्या अन्ननलिकेतला खराब भाग गार वायूने गोठवला होता. कर्करोग होण्याआधीच तो भाग मरून गळून पडावा, म्हणून. उपाय सुरक्षित आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. छाती थोडी दुखेल, ते चालायचंच. फार दुखलं तर मात्र लगेच या, क्वचित अन्ननलिका फाटते. थोडं कुठे संपतं आणि फार कुठे सुरू होतं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

मुलीने, जेरेनने, हॉस्पिटलला फोन लावला. नर्स फारसीत विचारत होती, जेरेन ते वडिलांना घरच्या तुर्कमेन भाषेत सांगत होती. ताप नव्हता. पाणी घशाखाली उतरत होतं. मग नर्सने एक ते दहामध्ये दुखणं किती ते विचारलं. सातच्या वर असेल तर निघा, खाली असेल तर औषध घेऊन घरीच थांबा.

"बाबा, दहापैकी किती दुखतंय?"

नुरबेर्दी गोंधळला. घोड्याचं वय त्याने दात बघून सांगितलं असतं. दुखणं मोजायला त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"दहा म्हणजे केवढं?"

आजवर सगळ्यात जास्त दुखलं ते दहा, असं नर्सने सांगितलं.

नुरबेर्दीने छताकडे बघत विचारलं, "मेर्गेनला रस्त्यावरून उचलून घरी आणलं, तो दिवस दहा धरायचा का?"

भाऊ गेल्यापासून बाबांनी त्याचं नाव घेतलेलं जेरेनने ऐकलं नव्हतं. असलं दुखणं यात धरतात की नाही, हे नर्सला कसं विचारावं, ते तिला कळेना.

"मग हे दोन," नुरबेर्दी म्हणाला. "दोनसुद्धा जास्तच होतील."

त्याच्या कपाळावर घाम होता. घोड्याने बरगडी मोडली होती तेव्हाही हा माणूस गपचूप जेवून झोपला होता. दोन म्हणजे खरंच दोन की आठ? नर्स पलीकडून पुन्हा पुन्हा आकडा विचारत होती.

जेरेनची आई नबात उठली. तिने फोन घेतला आणि आपल्या मोडक्या फारसीत म्हणाली, "दहा. निघतोय आम्ही."

शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांनी गोरगान गाठलं. छातीची तपासणी झाली. कुठे फाटलेलं नव्हतं. गोठवल्याचंच दुखणं, दोन दिवसांत ओसरेल, असं म्हणून डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं. दहा दुखणारा माणूस असा आपल्या पायांनी चालत येत नाही, हेही त्यांनी हसून सुनावलं.

व्हरांड्यात आल्यावर नुरबेर्दीने बायकोकडे पाहिलं. अजून त्याला उलगडा होत नव्हता.

"मी तर दोन म्हणालो होतो."

"तुमचे दोनच होते," नबात म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल नीट केला. "दहा मी माझे सांगितले."