मूळ नकाशा

“बालवाडीचा जिना कुठे गेला?”

बहिणीकडून ती नुकतीच परतली होती. पिशवी दारातच टाकून कॉम्प्युटरसमोर बसली होती. नवरा खुर्चीमागे हात बांधून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कारखाना बंद पडल्यापासून तिने त्याला असं पाहिलं नव्हतं.

“सगळं लावून ठेवलंय,” तो म्हणाला. “तू नव्हतीस तर हेच करत बसलो. काय अवतार होता गं तुझ्या फायलींचा! ‘जिना शेवटचा’, ‘जिना खरंच शेवटचा’, ‘जिना हाच पाठवायचा’. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये असं कोणी लिहिलं असतं ना, तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.”

स्क्रीनवर फोल्डर ओळीत उभे होते. प्रत्येकाला वर्ष, महिना, क्रमांक. तिने जिन्याचा उघडला. आत एकच नकाशा होता.

“बाकीचे?”

“भंगारात काढले. एकाच जिन्याचे ढीगभर नकाशे कशाला? मूळ तेवढा ठेवला.”

तिने स्क्रीनवरची कचऱ्याची पेटी उघडली. तीही झाडून लख्ख केलेली होती.

“पेनड्राइव्हवर होते ना?”

“तिथलेही काढले. दोन्हीकडे सारखं नको?”

मूळ नकाशा मोठ्या माणसांच्या पायांचा होता. शाळेच्या बाईंनी तो परत पाठवला होता. एवढीशी पोरं यावर चढणार कशी, म्हणाल्या होत्या. मग तिने आठवडाभर खपून पायऱ्या बुटक्या केल्या, जिना लांबवला, त्याचं वळण भिंतीपासून सोडवून घेतलं. पाठवण्याआधी परत आल्यावर एकदा नजर टाकायची, एवढंच राहिलं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. तो वाट बघत होता. ती काय म्हणते याची.

“छान लावलंत,” ती म्हणाली.

फोन वाजला. वर्कशॉपवाला होता.

“ताई, लोखंड येऊन पडलंय. मशीनवर माणूस बसवलाय. पहिला नकाशा आहे माझ्याकडे, नवा टाकताय ना?”

“तासभर द्या, दादा.”

“तासभरच हं. मग मशीन दुसऱ्याच्या कामाला लागेल.”

तिने मूळ नकाशा उघडला आणि आठवून आठवून पायऱ्या बदलायला घेतल्या. आकडे तोंडाने पुटपुटत होती.

“पंखा वाढवू का?” त्याने विचारलं.

“नको.”

ती पुन्हा पहिल्या पायरीवर आली.

“चहा टाकतो.”

“आत्ता नको हो.”

“काय करतेयस एवढं?”

“जरा दुरुस्ती आहे.”

“मग तुला कोणी उठवता कामा नये,” तो एकदम गंभीर झाला. “परवा एका व्हिडिओत सांगत होते. लक्ष एकदा मोडलं की पुन्हा लागायला किती वेळ जातो, कल्पना आहे तुला? पहिली गोष्ट म्हणजे फोन. फोन कामाच्या खोलीत ठेवायचाच नाही. दुसरी गोष्ट...” दुसरी गोष्टही त्याने पूर्ण सांगितली. मग तिचा फोन उचलला, चोरपावलांनी बाहेर गेला आणि दार लोटून घेतलं.

फोन नेला, हे तिला दिसलं. निदान तो गेला, एवढंच त्या क्षणी तिला बरं वाटलं.

काम हाताला लागलं. पायऱ्यांची उंची जमली. लांबी जमली. ती वळणाशी आली, आणि बाहेरून त्याचा आवाज ऐकू आला. कारखान्यातला, भारदस्त.

“मॅडम कामात आहेत. मला सांगा... मी त्यांचा मिस्टर बोलतोय... पहिला आहे ना तुमच्याकडे? मग झालं तर! तोच मूळ. हो, हो, कापा बिनधास्त.”

ती उठली तशी खुर्ची मागे कलंडली. ती बाहेर पोचली तेव्हा तो फोन शर्टाला पुसत होता.

“मिटवलं,” तो म्हणाला. “बिचारा कधीचा खोळंबला होता. म्हटलं, तुला कशाला उठवा.”

तिने फोन हिसकावला आणि लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मशीन सुरू झालं की त्या वर्कशॉपमध्ये शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. ती स्वतः तिथे खाणाखुणांनी बोलून आली होती. ‘थांबा, कापू नका’ असा मेसेज टाकला. तो कोणी पाहिला नाही. तिने परत फोन लावला.

“काही चुकलं का गं?” त्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं. त्याचा हात खिशातल्या पेनावर गेला होता. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. कानाशी घंटी वाजतच होती.

तेवढ्यात दारावर कोणीतरी टकटक केलं. तो लगबगीने गेला आणि दार थोडंसंच किलकिलं केलं. शेजारच्या काकू होत्या. काही विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तोच त्याने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, काकू,” तो कुजबुजला. “आत काम चाललंय.”